देवदिवाळीपर्यंतची खाट

दिवाळी होऊन काही दिवस गेले की पनवेलजवळच्या आमच्या करंजाड्यात सकाळी धुराचा वास येऊ लागतो. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दरवर्षी यावरून चर्चा होते. कुणी म्हणतं कचरा जाळतात, कुणी म्हणतं ही विमानतळाच्या कामाची धूळ, एक गृहस्थ दरवेळी फटाक्यांवर घसरतात. मी काही लिहीत नाही. तो वास वीटभट्टीचा असतो. कच्च्या विटा एकावर एक रचायच्या, मधल्या फटींत कोळसा आणि भाताचा तूस भरायचा, बाहेरून चिखलानं लिंपून आत आग सोडायची. ती आग दिवसेंदिवस धुमसत राहते. तिचा वास एकदा नाकात बसला की दुसऱ्या कशाचा वाटत नाही. मी खिडकी लावून घेते, डबा भरते आणि न्हावा शेव्याकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये जाऊन बसते. कस्टम्सची कागदपत्रं तयार करणाऱ्या एका ऑफिसात मी काम करते. जगभरातले कंटेनर येतात, वेळेत सोडवले नाहीत तर पडून राहतात, आणि पडून राहिलेल्या मालाचं पुढं काय करायचं याचे नियम मला तोंडपाठ आहेत.

यंदा त्याच दिवसांत आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी सीवूड्सच्या तिच्या शाळेत हेड गर्ल झाली. आई तिला घेऊन पेढे द्यायला आली. मुलीच्या ब्लेझरवर चकचकीत बिल्ला होता.

"तुम्ही पण होता ना हॉस्टेलला असं काहीतरी? हिला जरा टिप्स द्या," आई म्हणाली.

"काकू, मला एकच टेन्शन आहे," मुलगी म्हणाली. "शपथ घेताना हात पुढे धरायचा असतो. तो थरथरला तर? मुलं व्हिडिओ काढतात."

मी तिला सांगितलं की कोपर अंगाशी घट्ट धरलं की हात थरथरत नाही. तिला ते फारच उपयोगाचं वाटलं.

माझी शाळा पनवेलच्या बाहेर, डोंगराला पाठ लावून उभी होती. एका ट्रस्टची मुलींची निवासी शाळा. मी मूळची करमाळ्याची. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. अण्णांचं स्टँडजवळ सायकलचं पंक्चर काढायचं दुकान होतं, आणि आमच्या घरात सातवीच्या पुढं कुणी गेलेलं नव्हतं. मामा वाशीच्या मार्केटात माथाडी होता. त्यानं कुठून तरी या शाळेचं ऐकलं, अर्ज केला आणि सातवीत, वर्षाच्या मध्येच, मला तिथं आणून सोडलं. त्या शाळेनं मला दोन वेळचं अन्न, इंग्रजी, चष्मा आणि पुढं कॉलेजात जायची हिंमत दिली. आज मी जी काही आहे ती तिच्यामुळं. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला मी तक्रार करते आहे असं वाटायला नको.

आमच्याकडे हेड गर्ल नव्हती, मंत्रिमंडळ होतं. मुख्यमंत्री, भोजनमंत्री, आरोग्यमंत्री, स्वच्छतामंत्री. दहावीच्या मुलींना दिवाळीनंतर अभ्यासासाठी मोकळं करायचे, त्यामुळं दुसऱ्या सत्राचं राज्य नववीकडे यायचं. मी नववीत होते. सुट्टीवरून परतल्यावर प्रार्थनेच्या वेळी मैदानावर शपथविधी झाला. गवतावर दव होतं, आम्ही अनवाणी होतो, आणि मुली चिवड्याचे डबे नुकते उघडून आल्यामुळं सगळ्या रांगेला तळलेल्या शेंगदाण्यांचा वास येत होता. मी सर्वांना समान लेखीन, मी कुणावर अन्याय होऊ देणार नाही, असं मी मोठ्यानं म्हणाले. कोपर अंगाशी घट्ट धरलं होतं. रेक्टर म्हात्रे बाईंनी माझ्या फ्रॉकला पत्र्याचा बिल्ला लावला. पिन जरा गंजलेली होती. मला तो बिल्ला सोन्याचा वाटला.

भोजनमंत्री होती नाझनीन. श्रीवर्धनकडची, तिच्या वडिलांचं सुक्या मासळीचं दुकान. पहिल्याच जेवणाला तिनं वाढता वाढता मला हाक मारली, "मुख्यमंत्रीबाई, तुमच्या राज्यात डाळ पोहायला शिकलीय. तळ दिसतोय तिचा." सगळा हॉल हसला. मी मुख्यमंत्र्याला शोभेल असा गंभीर चेहरा केला, त्यावर अजून हसला.

आधीच्या मुख्यमंत्र्यानं, म्हणजे दहावीतल्या ताईनं, मला काम समजावून दिलं ते जिन्यात बसून. घंटा, हजेरी, आंघोळीच्या रांगा. फाटकाचा नियम: कुठलीही मुलगी बाहेर जाताना मुख्यमंत्र्याला विचारून जाणार. आईबाप न्यायला आलेले असले तरी, रेक्टर शेजारी उभी असली तरी. मुख्यमंत्री हो म्हणाली की वॉचमन कडी काढणार. "तेवढाच काय तो रुबाब," ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "आणि वळकट्या."

सुट्टीला जाताना प्रत्येक मुलगी आपली गादी गुंडाळायची, जुन्या साडीच्या काठानं बांधायची आणि खाटेच्या डोक्याशी ठेवून जायची. परत आली की आपली आपण सोडायची. दुसरीनं सोडायची नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत झोपायच्या हॉलमध्ये सगळीकडे गाद्या पसरलेल्या असत, आणि मध्येच एखादी खाट वळकटी घेऊन तशीच असे. कुणाच्या घरचे ऊसतोडीला गेलेले, कुणाचे भट्टीवर, कुणाचं लग्न ठरलेलं. अशा खाटांना शाळा देवदिवाळीपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतर महिनाभर, मुदत देई. तोवर मुलगी आली नाही, तर खाट प्रवेशासाठी थांबलेल्या मुलींपैकी एखादीला मिळे. थांबलेल्या पुष्कळ असत. वळकटी उचलून कोठीत नेऊन ठेवायची, खाट ओल्या फडक्यानं पुसायची, हे मुख्यमंत्र्याचं काम.

"एकटीनं उचलायची," ताई म्हणाली.

"का?"

"मला पण तसंच सांगितलं होतं."

त्या वर्षी सुरुवातीला काही वळकट्या उरल्या होत्या. एक मुलगी मावशीचं लग्न आटपून हाताला मेंदी आणि पिशवीत बुंदी घेऊन आली. एकीला ताप होता, ती मफलर गुंडाळून आली. होता होता एकच वळकटी उरली. खिडकीखालची, वनिताची.

वनिता सहावीत होती. पेणच्या बाजूच्या एका कातकरी वाडीवरची. कॅरममध्ये सोंगटी चोरायची आणि पकडलं की इतकी मोकळी हसायची की रागवता यायचं नाही. माझ्या बोलण्याची नक्कल करायची. "ताई 'न्हाई' म्हनते," असं सगळ्यांना सांगत फिरायची. शाळेत आली तेव्हा पहिले काही महिने ती खाटेवर झोपली नव्हती. खाटेखाली झोपायची. एवढ्या उंचावर झोपलं तर पडू, अशी तिला भीती वाटे. म्हात्रे बाई ओरडल्या, मुली हसल्या, ती आपली खालीच. मग कधीतरी पावसाळ्यात, हॉलमध्ये पाणी झिरपू लागलं तेव्हा, वर चढली. सकाळी मला उठवून म्हणाली, "ताई, पडले नाय." तेव्हापासून ती खाट तिची झाली. पाय ताणून, हात पसरून झोपायची, एखाद्या जमीनदारासारखी.

वनिताच्या घरचे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात हे सगळ्यांना माहीत होतं. आदल्या वर्षी सुट्टीत तिला आजीकडे ठेवून गेले होते, आणि आजीनं तिला शाळेत आणून सोडलं होतं. यंदा काय झालं ते कळत नव्हतं. मी म्हात्रे बाईंच्या मागं लागले. त्यांनी मुकादमाचा नंबर शोधून काढला आणि माझ्यासमोर फोन लावला. पलीकडे ट्रॅक्टरचा आवाज इतका होता की बाईंना ओरडावं लागलं. "शाळेतना बोलतेय. वनिताच्या बापाला सांगा, शाळेनं बोलावलाय. देवदिवालीच्या आत. हो, हो, शाळेनं बोलावलाय म्हनून सांगा." फोन ठेवून त्या मला म्हणाल्या, "झाला तुझा समाधान? आता रोज मला विचारू नको."

रविवारी पालक भेटायला येत. त्या रविवारी वनिताचे वडील आले. एकटे. हातात गाठोडं होतं. ते फाटकाशी उभे राहिले, आत बोलावलं तरी आले नाहीत. म्हात्रे बाई त्या दिवशी गावी गेल्या होत्या, तेव्हा वॉचमननं मला बोलावलं. मी बिल्ला नीट करून गेले. त्यांचे हात आणि पाय लाल मातीनं कोरडे पडले होते, केसातसुद्धा माती होती. पण अंगातला शर्ट धुतलेला होता. मला पाहून त्यांनी गाठोडं खाली ठेवलं, सोडलं आणि एकेक वस्तू काढून ओट्यावर मांडू लागले.

"बगून घ्या बाई. सेटर हाय. बूट हायेत. दप्तर हाय, पुस्तका हायेत. पान्याची बाटली. झाकन फुटलाय, पन तो आधीच फुटलेला व्हता, पोरगी बोलली."

स्वेटर धुऊन वाळवलेला होता. घडी अशी घातली होती की दुकानातून आणल्यासारखी दिसावी. बूट पुसलेले होते. मला काही समजेना.

"काका, हे कशाला आणलंत?"

"तुमीच बोलावलात ना. शालेनं बोलावलाय, मुकादम बोलला." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं, काही राहिलं की काय असं. "काम सोडला का वस्तू परत द्यायची. आमचा पन तसाच हाय. विटांचा साचा, फावडा, घमेला, सगला देऊन मंगच निगायचा. कुनाचा काय ठेवत नाय आमी."

मी पंधरा वर्षांचीही नव्हते आणि ते मला बाई म्हणत होते. मी म्हणाले, काका, वस्तू नकोत. वनिता हवी. तिची खाट अजून आहे. देवदिवाळीपर्यंत कुणाला देत नाहीत.

"अजून ठेवलीय?"

पुरुषांना हॉलमध्ये यायची परवानगी नव्हती. मी त्यांना बाहेरून, व्हरांड्यातल्या खिडकीशी नेलं आणि खाट दाखवली. ते गजांना हात न लावता, जरा अंतर ठेवून पाहत राहिले.

"ह्याच्यावर निजायची?"

"हो."

"पडली नाय कदी?"

"नाही पडली."

ते हसले. मग खाली बसले आणि सांगू लागले. त्यांची आई, वनिताची आजी, श्रावणात गेली. घरात आता लहानगा आहे, रांगायला लागलाय. दोघं नवराबायको दिवस उगवायच्या आधीपासून चिखलात असतात. एक चिखल तुडवतो, एक साचा मारतो. दोघांतलं एक जरी उठलं तरी विटा निम्म्या होतात. मुलाला वनिता सांभाळते. एवढंच. पोरीला शाळेतनं काढायचं असं काही त्यांच्या मनात नव्हतं. दिवस उलटून गेले, म्हणजे शाळेनं नाव कापलं असणार, असं ते धरून चालले होते.

मी त्यांना म्हणाले, "काका, तुम्ही वनिताला पाठवा. बाकी आपण बघू."

हे वाक्य माझं नव्हतं. करमाळ्यात मोठी माणसं असंच म्हणतात. लग्न असो, मयत असो, कुणाच्या छपराचं पत्र्याचं काम असो, तुम्ही या, बाकी आपण बघू. त्यात धीर असतो. त्यांनी तो घेतला. गाठोडं परत बांधलं, वस्तू घेऊन गेले. जाताना त्यांनी मला हात जोडले. त्या दिवशी मी इतकी आनंदात होते की संध्याकाळच्या प्रार्थनेला मीच सूर चुकवला.

म्हात्रे बाई परत आल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं. त्या चहा पीत होत्या. "मुख्यमंत्री झालीस म्हनून कुनाला काय पन शब्द देत नको जाऊ, बाय," एवढंच म्हणाल्या. पण खाट ठेवली.

देवदिवाळीच्या आधीच्या शनिवारी, मधल्या सुट्टीत, वॉचमन धावत आला. वनिता फाटकात उभी होती. शाळेचा स्वेटर, शाळेचे बूट, पाठीवर दप्तर. आणि कडेवर भाऊ. वडील ट्रकला उशीर होतो म्हणून दोघांना सोडून निघूनही गेले होते.

"बाबांनी पाठवला," ती म्हणाली. "तू बोललीस ना ताई, बाकीचा बघतो."

तिच्या चेहऱ्यावर शंकेची रेघही नव्हती. त्यांच्या वाडीवरच्या शाळेत थोरली बहीण धाकट्याला कडेवर घेऊनच येते. तो पायाशी रांगतो, खडू खातो, झोपला तर गुरुजी त्याला सतरंजीवर सरकवून ठेवतात. शाळा म्हणजे त्यांच्यासाठी तशीच. मुलीला पाठवा म्हटल्यावर मुलगी कडेवरच्या मुलासकट येणार, यात विचारण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं.

तो शनिवार आमच्या शाळेतला सगळ्यात आनंदाचा दिवस होता, हे मला आजही लिहावंसं वाटतं. म्हात्रे बाईंनी कपाळाला हात लावला, ट्रस्टच्या ऑफिसला फोन केला, मुकादमाला केला, तो लागला नाही, आणि मग म्हणाल्या, "उद्यापर्यंत ऱ्हाऊ दे." तेवढं पुरे होतं. नाझनीननं स्वयंपाकघरात जाऊन मऊ भाताची पेज करून आणली, मीठ जिभेवर तीनतीनदा पाहून. पोर त्या हॉलभर एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर फिरत होतं. त्याचं अजून नाव ठेवलेलं नव्हतं. आजी ठेवणार होती, ती गेली. मुलींनी त्याला गृहमंत्री केलं. "गृहमंत्र्यांनी गादी ओली केली," अशी बातमी आली की स्वच्छतामंत्री बादली घेऊन पळायची. ज्या मुली रात्री घराच्या आठवणीनं तोंडावर चादर ओढून रडायच्या, त्यासुद्धा त्याच्याभोवती बसून टाळ्या वाजवत होत्या. बहुतेक प्रत्येकीच्या घरी त्या वयाचं कुणीतरी होतं.

वनितानं आपली वळकटी सोडली. गादी पसरली, त्याला मध्ये निजवलं आणि स्वतः कडेला पहारा देत बसली.

ट्रस्टकडून उत्तर रविवारी सकाळी आलं. ते यायच्या आधीच आम्हाला ठाऊक होतं. ही मुलींची शाळा आहे, पाळणाघर नाही. मुलाला काही झालं तर जबाबदारी कुणाची. त्यात चूक काय होतं, हे मी पुष्कळदा शोधलं आहे. मला सापडत नाही. म्हात्रे बाईंनी मला ऑफिसात बोलावलं.

"दुपारी बाप येल. लेकराला घेऊन जाईल. पोरगीला ऱ्हायचा असेल तर ऱ्हाऊ दे. तू विचार तिला."

"मी?"

"मी विचारला तर ती मान हलवल. तुला खरा सांगल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आमचे गावात आता टावर झालेत. आदी मिठागरा व्हती. माझी आई मला टोपलीत घालून बांदावर ठेवायची, वर फाटकी छत्री. मी वाचले. सगलीच नाय वाचली."

मी वनिताला विहिरीच्या कठड्याजवळ गाठलं. ती भावाचा लंगोट पिळत होती. मी म्हणाले, बाळाला बाबा नेतील, तू राहा. तुझी खाट आहे. बाईंनी हो म्हटलंय.

"मंग त्याला कोन बगल?"

"आई बघेल की."

"आई त्याला बांदून ठेवते. दोरीनं. खुंटाला," ती म्हणाली. हवापाण्याचं बोलावं तसं. "नायतर तो रांगत जातो खड्ड्याकडं. चिखलाचा खड्डा अस्तो ना मोठा. बाजूच्यांची पोरगी गेलती त्यात. तवापासना सगली बांदतात. पन ताई, तो दोरीला लय रडतो. रडून रडून त्याचा आवाज जातो. मी असले का बांदायला लागत नाय."

मी तिला म्हणाले की शिकलीस तर पुढं सगळं बदलेल. हे मला शिक्षकांनी सांगितलेलं होतं, आणि माझ्या बाबतीत ते खरंही ठरलं. ती ऐकून घेत होती. लंगोट झटकून तिनं कठड्यावर वाळत टाकला आणि म्हणाली, "तो चालाया लागला का येन मी."

"तोवर खाट राहणार नाही गं."

"म्हाईत हाय."

दुपारी वडील आले. या वेळी त्यांनी काहीच विचारलं नाही. म्हात्रे बाईंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं, पुढच्या जूनमध्ये परत अर्ज करा म्हणाल्या, मुलासाठी दुधाची पावडर दिली. ते सगळ्याला हो म्हणत होते. वनितानं स्वेटर काढून घडी करून माझ्या हातात दिला. बूट काढून त्यावर ठेवले. मी म्हणाले, असू दे, थंडी आहे. तिनं वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी मान हलवली. नाही म्हणून.

मग ती फाटकापाशी आली आणि थांबली. मला आधी कळलंच नाही ती कशासाठी थांबली. वॉचमनचा हात कडीवर होता आणि तो माझ्याकडे बघत होता. वडीलही थांबले होते. म्हात्रे बाईसुद्धा.

"ताई, जाऊ का?" वनितानं विचारलं.

शाळेनं मला एवढा एकच अधिकार दिलेला होता. तो वापरून काही अडवता येईल का, असं एक क्षणभर माझ्या मनात आलं. कडेवरचं पोर माझ्या बिल्ल्याकडे हात करत होतं. मी हो म्हणाले. कडी निघाली.

दुसऱ्या दिवशी देवदिवाळी. नाझनीन सकाळी हॉलमध्ये आली तेव्हा मी वनिताची गादी गुंडाळत होते. ती दुसरं टोक धरायला वाकली. मी म्हणाले, एकटीनं न्यायची असते. "कुणी सांगितलं?" "आधीच्या ताईनं." "तिला कुणी सांगितलं?" नाझनीननं टोक सोडलं नाही. आम्ही दोघींनी ती कोठीत नेली. तिथं फळीवर जुन्या वळकट्या होत्या, धूळ बसलेल्या, साड्यांच्या काठांचा रंग उडालेला. त्यांच्याकडे पाहताना मला पहिल्यांदाच एक साधी गोष्ट कळली. मी सातवीत, वर्षाच्या मध्येच, याच दिवसांत इथं आले होते. मला खाट मिळाली होती, कोपऱ्यातली, पुसून स्वच्छ केलेली. ती रिकामी कशी झाली होती, हे मी कधी विचारलं नव्हतं. माझी जागा म्हणजे माझी हुशारी, माझा अर्ज, मामाची धडपड, असंच मी समजत होते. फळीवरच्या कुठल्या वळकटीशी माझा संबंध होता, कुणास ठाऊक. मी फडकं ओलं करून खाट पुसायला गेले.

आठवड्यात नवी मुलगी आली. ती दोन्ही हातांनी ट्रंक धरून उभी होती, हसत नव्हती. मी तिला खाट दाखवली आणि रात्री पडायची भीती वाटली तर भिंतीच्या बाजूला झोप, असं सांगितलं. ती तीनच वर्षं होती शाळेत, पण चांगली शिकली. आता नर्स आहे, खारघरला. कधी भेटली तर मला अजून ताई म्हणते, आणि मला तिच्याविषयी मनापासून आनंद वाटतो. वनिताचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. जूनमध्ये अर्ज आला नाही. मुकादमाचा नंबर बदलला होता. पुढं मी पेणच्या त्या रस्त्यानं कामानिमित्त गेले आहे. वाडीकडे वळणारा फाटा दिसतो. ती आता सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल. तो मुलगा कॉलेजच्या वयाचा. तो चालायला लागला असेल, एवढं मी धरून चालते.

भट्टीवर किती विटा पडत असतील, त्यांतल्या कुठल्या कुठं गेल्या, याचा विचार करणं मी सोडून दिलं आहे. आमच्या बिल्डिंगला हल्ली सिमेंटचे हलके ब्लॉक लावतात म्हणे. बिल्डरचा माणूस सांगत होता, वीट आता कुणी वापरत नाही. पण सकाळी वास येतो.

त्या वर्षी संक्रांत झाल्यावर शाळेचं स्नेहसंमेलन झालं. उत्कृष्ट नेतृत्वाची ढाल मला मिळाली. अण्णा करमाळ्याहून आले होते. त्यांनी नवा शर्ट घातला होता आणि नखांत पंक्चरच्या सोल्युशनचा काळा थर तसाच होता. पाहुण्यांनी भाषणात माझं नाव घेतलं तेव्हा ते उभे राहिले. बाकी कुणी उभं नव्हतं. मला स्टेजवरून दिसत होतं की त्यांना बसायचं कधी ते समजत नाही.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे बाईंनी मला अण्णांना पनवेल स्टँडपर्यंत सोडायला जाऊ दिलं. ढाल ते घरी नेणार होते. काच फुटू नये म्हणून त्यांनी ती खांद्यावरच्या टॉवेलात गुंडाळली होती आणि लेकरासारखी पोटाशी धरली होती. स्टँडवर आम्ही उसाचा रस प्यायलो. ते मध्येमध्ये टॉवेल बाजूला करून ढालीवरचं माझं नाव बघत.

"पोरी, काय करायचं असतं गं ह्या कामात?" त्यांनी विचारलं. "लोक इचारतील मला. सांगता आलं पायजे."

मला पुष्कळ सांगता आलं असतं. मी म्हणाले, "हजेरी घ्यायची असते, अण्णा. रोज. कोण हाय, कोण न्हाई."

"आन् नसंल आलं कुणी, तर?"

तेवढ्यात करमाळ्याची गाडी फलाटाकडे वळली आणि माणसं धावली. अण्णासुद्धा धावले. दाराशी झुंबड होती, पण त्यांना हे आयुष्यभर सवयीचं. ते सरळ मागच्या खिडकीशी गेले, टाचा उंचावल्या आणि टॉवेलात गुंडाळलेली ती ढाल आत सीटवर ठेवून दिली. जागा धरली. मग सावकाश माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा किती निश्चिंत होता.

"आता घाई न्हाई," ते म्हणाले. "ठेवलं ना काहीतरी. आता कोण घेत न्हाई आपली जागा."